दोन डोळे शेजारी

'दोन डोळे शेजारी, भेट नाही संसारी' ही म्हण आपल्याकडे फार जुनी आहे. जवळ राहूनही ज्यांची गाठ पडत नाही, अशा माणसांविषयी ती योजतात. म्हण रचणाऱ्याची नजर बारीक असली पाहिजे यात शंका नाही. दोन डोळे जन्मभर एकमेकांपासून दोन-अडीच इंचांवर राहतात, एकदमच उघडतात, एकदमच मिटतात, एकाला धूर लागला की दुसराही पाणावतो. पण मधल्या नाकाचा बांध ओलांडून एकाने दुसऱ्याचे तोंड पाहिले, असे कधी घडले नाही. तथापि शारीरशास्त्राच्या दृष्टीने पाहू गेल्यास ही म्हण खोटी आहे. डोळ्यांची भेट होते. मात्र ती डोक्याच्या मागच्या बाजूस, मेंदूच्या एका कोपऱ्यात होते. काही थोड्या माणसांच्या बाबतीत तेवढीही होत नाही. त्या थोड्यांपैकी मी एक असल्यामुळे ही म्हण मला इतरांपेक्षा जरा अधिक जवळची वाटत आली आहे.

माझा डावा डोळा वाचनाच्या कामी जवळजवळ निरुपयोगी आहे, ही गोष्ट मला वयाच्या बाविसाव्या वर्षी कळली. नोकरीपूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत उजव्या डोळ्यावर पुठ्ठा धरून समोरच्या तक्त्यावरील अक्षरे वाचावयास सांगण्यात आले, आणि सर्वांत वरचे मोठे अक्षर ओलांडल्यावर माझी गाडी अडली. तोपर्यंत त्या डोळ्याविषयी मला कसलाही संशय आला नव्हता. संशय येण्यास कारणही नव्हते. दोन्ही डोळे उघडे असले म्हणजे जग स्वच्छ दिसत होते, आणि निष्कारण एक डोळा झाकून जगाकडे पाहण्याची बुद्धी सहसा कोणास होत नाही. नेत्रवैद्यांनी बुबुळ पाहिले, आतला पडदा पाहिला, निरनिराळी भिंगे लावून पाहिली. डाव्या डोळ्याचा नंबर लहानपणापासून मोठा होता आणि त्याची दिशाही किंचित चुकलेली होती. इतकी किंचित की आरशात ती मला आजही ओळखता येत नाही. परंतु योग्य भिंग लावल्यावर जे दिसावयास हवे होते, ते काही दिसेना. शेवटी ते म्हणाले, "डोळा निरोगी आहे. आळशी आहे, इतकेच. आता ह्या वयात त्याचे काही व्हायचे नाही."

'आळशी डोळा' हे 'लेझी आय' ह्या इंग्रजी नावाचे भाषांतर. वैद्यकातील नाव 'अँब्लिओपिया', म्हणजे ग्रीक भाषेत मंद दृष्टी. वैद्यकातील नाव नुसते वर्णन करून थांबते. लौकिक नाव त्यापुढे जाऊन ठपका ठेवते. मराठीत नाव ठेवले म्हणजे बारसे होते आणि नावे ठेवली म्हणजे निंदा होते. ह्या डोळ्याच्या नशिबी दोन्ही विधी एकाच मुहूर्तावर झाले. जुन्या नेत्रवैद्यांत ह्या विकाराची एक थट्टेची व्याख्या प्रचलित होती: ज्यात रोग्यास थोडे दिसते आणि वैद्यास काहीच दिसत नाही, तो हा रोग. शंभर माणसांत दोघातिघांना तो असतो, आणि त्यांतील कित्येकांना आपल्याला तो आहे हे ठाऊकही नसते.

ह्या डोळ्याने दिसते तरी कसे, असे मला पुष्कळ जण विचारतात. धुक्यातून किंवा काच पुसली नसताना दिसते तसे असेल, अशी त्यांची कल्पना असते. तसे ते नाही. उजवा डोळा झाकून मी छापील पान समोर धरतो तेव्हा ओळ दिसते, शिरोरेषा दिसते, तिच्याखाली काही लोंबते आहे हेही कळते. पण ती अक्षरे आठवडी बाजारातल्या माणसांसारखी एकमेकांना खेटून उभी असतात आणि 'म' कोठे संपला व 'भ' कोठे सुरू झाला याचा पत्ता लागत नाही. तेच अक्षर मोकळ्या कागदावर एकटे काढून दिले तर मी ते ओळखतो. हा अनुभव माझ्या एकट्याचा नव्हे. एकटे अक्षर वाचता येणे आणि गर्दीतले न येणे, ही ह्या विकाराची एक ठळक खूण म्हणून नेत्रवैद्यांना परिचित आहे. अक्षर डोळ्यापर्यंत पोचते. पुढे त्याचा अर्थ लावणारा कोणी भेटत नाही.

हे पुढचे काम कोठे चालते ते थोडे सांगितले पाहिजे. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर जे चित्र पडते त्याची वार्ता मज्जातंतूंच्या दोरीने मागे निघते. दोन डोळ्यांच्या दोन दोऱ्या कवटीच्या आत एका चौकात येतात आणि तेथे प्रत्येकीतील सुमारे निम्मे तंतू बाजू बदलतात. पण एका चौकातून गेलेले वाटसरू एकमेकांशी बोलतातच असे नाही. चौकाच्या पुढे मेंदूच्या मध्यभागी एक नाके लागते. तेथेही दोन्ही डोळ्यांच्या वार्ता वेगवेगळ्या थरांत ठेवलेल्या असतात. तेथून त्या डोक्याच्या मागच्या भागातील मेंदूच्या पृष्ठावर जातात. तेथल्या ज्या थरात त्या प्रथम उतरतात, त्यातही उजव्याचा एक पट्टा, डाव्याचा एक पट्टा अशी शेताच्या वाफ्यांसारखी वाटणी असते. त्या थराच्या वरच्या-खालच्या पेशींत मात्र दोन्हींकडची वार्ता एकाच पेशीच्या कानी पडू लागते. म्हणीने नाकारलेली भेट ती हीच.

ह्या भेटीतून जे निघते ते दोघांपैकी एकालाही एकट्याने मिळवता येत नाही. दोन डोळे दोन जागी असल्यामुळे त्यांची चित्रे किंचित भिन्न असतात, आणि त्या भिन्नतेतूनच मेंदू वस्तूंची खोली काढतो. चार्ल्स व्हीट्स्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली हे सिद्ध करून दाखविले. एकाच वस्तूची, दोन डोळ्यांना दिसतील तशी दोन सपाट रेखाचित्रे आरशांच्या साहाय्याने एकेका डोळ्यास वेगळी दाखविली की पाहणाऱ्यापुढे भरीव वस्तू उभी राहते. मजपुढे ती उभी राहत नाही. ह्याचा अर्थ मला जग भिंतीवरच्या चित्रासारखे सपाट दिसते असाही नव्हे. जवळची वस्तू दूरच्या वस्तूस झाकते, सावल्या पडतात, मोठे लहान होत जाते. खंडाळ्याच्या घाटात गाडीच्या खिडकीशी बसले की जवळचे खांब मागे पळतात आणि पलीकडचे डोंगर जागीच उभे राहतात, यावरून अंतर एका डोळ्यालाही कळते. पण सुईत दोरा ओवताना, कपात चहा ओतताना, लहानपणी विटी झेलताना ही उसनवारी पुरी पडत नसे. विटी माझ्या हातांच्या वीतभर अलीकडे किंवा पलीकडे पडे, आणि सवंगडी मला जे विशेषण लावीत ते पुढे डोळ्यास लावलेल्या विशेषणाच्या जवळपासचेच होते.

मग आळस कोणाचा? ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे श्रेय डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल ह्या जोडीचे आहे. पहिले कॅनडात जन्मलेले, दुसरे स्वीडनचे. अमेरिकेत १९५८ पासून त्यांनी एकत्र काम केले, आणि १९८१ साली त्यांना रॉजर स्पेरी यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. मांजरीच्या मेंदूतील एकेका पेशीजवळ अतिसूक्ष्म तार नेऊन, डोळ्यापुढे काय धरले असता ती पेशी बोलते, हे ते ऐकत. निरोगी मांजरीत दृष्टीच्या ह्या भागातील पाचांपैकी सुमारे चार पेशी दोन्ही डोळ्यांना ओ देतात, असे त्यांना आढळले. त्यानंतर त्यांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा तो उघडण्यापूर्वीच शिवून टाकला आणि दोन-तीन महिन्यांनी टाके काढले. हे वाचताना मन चरकते, आणि चरकावेच. त्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा होता की मिटलेला डोळा उघडल्यावर त्याच्या आतला पडदा प्रकाशास व्यवस्थित प्रतिसाद देत होता, परंतु मेंदूच्या पृष्ठावरील पेशींपैकी त्याचे ऐकणारी जवळजवळ एकही उरली नव्हती. मोठ्या मांजरीचा डोळा काही महिने शिवून ठेवला तर मात्र असे काहीच होत नसे. पिलाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात तीन-चार दिवसांची बंदीदेखील भोवत असे.

आपल्या भाषेत 'काणाडोळा करणे' असा एक वाक्प्रचार आहे; पाहूनही न पाहिल्यासारखे करणे हा त्याचा अर्थ. येथे मेंदूने साक्षात डोळ्याकडेच काणाडोळा केला होता. डोळा आपली वार्ता इमाने इतबारे पाठवीत होता; ती वाचली जात नव्हती. हे कळल्यावर माझ्या मनात पहिल्याने आली ती सुडाची भावना. डोळ्यावरचा ठपका काढून मेंदूच्या माथी मारावा, असे मला वाटले. पण त्याच दोघांच्या दुसऱ्या एका प्रयोगाने मला तेथून मागे वळविले. एक डोळा मिटल्याने जर इतकी हानी होते, तर दोन्ही मिटल्याने ती दुप्पट व्हावी, असे कोणीही म्हणेल. तशी ती झाली नाही. दोन्ही डोळे मिटलेल्या पिलांच्या मेंदूत पुष्कळ पेशी त्या डोळ्यांस ओ देत राहिल्या होत्या. म्हणजे नुसत्या अंधाराने डोळ्याची जागा जात नाही. शेजारच्या डोळ्यास उजेड असतानाचा जो अंधार, त्याने ती जाते. मेंदूतील त्या वाफ्यांसाठी दोघांत चढाओढ चालते, आणि ज्याची वार्ता स्पष्ट असेल त्याची मुळे शेजाऱ्याच्या जमिनीत पसरतात. पुढे माकडांच्या मेंदूत तर हे पट्टे प्रत्यक्ष मोजता आले: मिटलेल्या डोळ्याचे अरुंद झाले होते, आणि उघड्याचे तितकेच रुंद.

आणि मेंदूने असे का करावे? तिरळ्या मुलाचे दोन डोळे दोन दिशांस पाहतात. दोघांचेही खरे मानले तर त्या मुलास एका आईच्या दोन आया दिसतील. मोठ्या माणसाचा डोळा एकाएकी फिरला तर त्याची हीच दशा होते. त्याला सर्व वस्तू दुहेरी दिसतात आणि त्या दिसणे थांबता थांबत नाही, कारण त्याच्या मेंदूला आता एका डोळ्याचे तोंड बंद करता येत नाही. लहान मुलाच्या मेंदूस ते येते. तो एकाचे ऐकावयाचे ठरवितो आणि मूल सुखाने वाढू लागते. एका डोळ्यास धूसर दिसत असेल, जन्मतः मोतीबिंदू असेल किंवा पापणी खाली आलेली असेल, तरी तो हाच निवाडा करतो. माझ्या मेंदूनेही मी बोलावयास शिकण्याच्या सुमारास केव्हातरी असाच एक निवाडा मला न विचारता केला, आणि त्यामुळे मला उभ्या आयुष्यात एकदाही दुहेरी दिसले नाही. ह्यास आळस कसा म्हणावा? झाली असेल तर ती घाईच झाली.

ह्या घाईवर इलाज मात्र तिचे कारण कळण्यापूर्वी दोनशेवीस वर्षे निघाला होता. प्रसिद्ध फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी १७४३ साली तिरळेपणावर एक निबंध लिहिला. दोन डोळ्यांचे बळ असमान असल्याने हा दोष उद्भवतो असे त्यांनी मांडले आणि चांगला डोळा काही काळ झाकून ठेवावा असे सुचविले. आजही नेत्रवैद्य आधी योग्य चष्मा देतात, कित्येक मुलांची दृष्टी तेवढ्यानेच सुधारते, आणि जेथे सुधारत नाही तेथे चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात किंवा त्यात औषधाचे थेंब घालून तो तात्पुरता धूसर करतात. पूर्वी ही पट्टी दिवसदिवस बांधीत. अमेरिकेतील अनेक नेत्रवैद्यांनी मिळून २००३ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत, मध्यम प्रतीच्या मंद दृष्टीस रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच गुणकारी ठरली.

ही माहिती मला पुस्तकी वाटेनाशी झाली ती माझ्या पुतण्याच्या मुलीमुळे. शाळेत घालण्यापूर्वी तिचे डोळे एकेक करून तपासले, तेव्हा तिचाही डावा डोळा मागे पडलेला निघाला. पाच वर्षांची पोर. पट्टी लावली की रडे, ओरबाडून काढी, आणि "आजोबा, मला दिसत नाही," म्हणून माझ्याकडे धाव घेई. तिचे ते म्हणणे खोटे नव्हते. तिच्या आजीस, म्हणजे माझ्या वहिनींस, हा प्रकार पाहवेना. एके दिवशी त्या मला म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही तरी ह्यांना सांगा. धड डोळा झाकायचा आणि अधू डोळ्यावर पोरीला सोडायचे, हा कुठला न्याय? धड डोळ्याने काय गुन्हा केला?"

वहिनींचा प्रश्न मला आजही लहान वाटत नाही. चांगल्या डोळ्याचा खरोखरच काही गुन्हा नसतो. बलवानास बळ आहे म्हणून शिक्षा करावी, हे कोणत्याही न्यायात बसत नाही. आणि दोन तास डोळ्यांपुढून जग काढून घेतलेल्या मुलास, हे तुझ्या दहा वर्षांनंतरच्या भल्यासाठी आहे, असे कोणत्या भाषेत सांगावे? मी वहिनींस एवढेच म्हणालो, "वहिनी, त्या डोळ्याला दुसऱ्या कोणी बोलू दिले नाही तर तो माझ्या डोळ्यासारखा होईल. आणि पुढे कधी उजव्यास इजा झाली, तर हिच्याजवळ तेवढा एकच डोळा उरेल." वहिनी काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून पट्टीच्या वेळी त्या नातीपुढे तांदळाचे ताट घेऊन बसू लागल्या. खडा दिसला की नात तो उचलून दाखवी आणि आजी तो वाटीत टाकी. पुढे मणी ओवणे आले, मग चित्रांतील बारीक रेघा रंगविणे. काही महिन्यांत तिच्या तक्त्यावरच्या ओळी एकेक करून खाली सरकल्या. काही घरांत मुलाची तिरपी नजर भाग्याची खूण मानून तिच्याकडे हौसेने पाहतात, आणि काही घरांत मूल मोठे झाले की आपोआप सुधारेल म्हणून थांबतात. त्या थांबण्यातच ती वर्षे निघून जातात. शाळेत जाण्यापूर्वी प्रत्येक मुलाचा एकेक डोळा निराळा तपासावा, एवढे जरी घरोघर झाले तरी पुष्कळ साधेल.

'आता ह्या वयात काही व्हायचे नाही' हा जो निकाल मला ऐकावा लागला, तो त्या काळच्या ज्ञानास धरूनच होता. नंतर तो थोडा सैल झाला आहे. अमेरिकेतच २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, सात ते बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या अधिकांची दृष्टी उपचारांनी बऱ्यापैकी सुधारली. पूर्वी ह्या वयास उशीर म्हणत. सुसान बॅरी ह्या मज्जाशास्त्राच्या प्राध्यापिका तान्हेपणापासून तिरळ्या होत्या. शस्त्रक्रियांनी त्यांचे डोळे दिसण्यापुरते सरळ झाले, प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे नीट पाहू लागला, पण दोघांची भेट झाली नव्हती. ह्यूबेल-वीझेल यांचे प्रयोग त्या विद्यार्थिदशेतच शिकल्या होत्या, आणि आपली वेळ टळली असे त्यांनी मानले होते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नेत्रव्यायामानंतर एके दिवशी मोटारीत बसल्या असता समोरचे चक्र मागच्या फळीपासून सुटून पोकळीत पुढे आलेले त्यांना दिसले. ऑलिव्हर सॅक्स यांनी २००६ साली त्यांच्याविषयी लिहिले, आणि २००९ साली त्यांनी स्वतः पुस्तक लिहिले. आपल्या देशातही पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलांवर मोठ्या वयात शस्त्रक्रिया झाल्या. हाताने चाचपलेली वस्तू नुसत्या दृष्टीने ओळखणे त्यांना प्रथम जमले नाही, पण काही दिवसांतच ते जमू लागले, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. ह्या कोणासच निरोगी जन्मलेल्या माणसाची संपूर्ण दृष्टी मिळाली असे म्हणता येणार नाही. उशिरा झालेल्या भेटीत काही बोलावयाचे राहून जातेच. तरी ती होऊ शकते, एवढे आता निश्चित झाले आहे.

माझ्या स्वतःच्या डाव्या डोळ्याकडून मी आता पुस्तक वाचून घेण्याची अपेक्षा ठेवीत नाही. पण त्याच्या दिनक्रमाकडे मी अलीकडे लक्ष देऊ लागलो आहे. अधू डोळ्याची मधली, बारकावे टिपणारी दृष्टी जाते. कडेची बरीचशी शाबूत असते. रस्ता ओलांडताना डावीकडून अंगावर येणारी सायकल मला प्रथम त्याच्याच बाजूस जाणवते, आणि मी थबकतो. सायकलस्वार निघून गेल्यावर मान वळवून त्याचा चेहरा पाहण्याचे काम अर्थातच उजव्याकडे जाते.